शेरडं कुणाची

सुग्रीवनं आकडीनं हिवराची फांदी खाली ओढून पायाखाली दाबली, तशी शेरडं तिच्यावर तुटून पडली. कार्तिकाचं ऊन पाठीला गोड लागत होतं. बांधापलीकडं शाळू गुडघ्याला आला होता आणि शेरडांचा जीव त्यातच अडकलेला, म्हणून एक डोळा पाल्यावर आणि एक शाळवावर ठेवून तो उभा होता. तेवढ्यात माळावरून एक मोटरसायकल उड्या मारत येताना दिसली. मागं खाकी कपड्यातला माणूस बसलेला होता.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले की इकडचं अर्धं गाव ऊस तोडायला जातं. ट्रक भरून माणसं गेली की मागं उरतात म्हातारे, कुलपं आणि शेरडं. म्हातारे आपलं आपण शिजवून खातात, कुलपांना काही लागत नाही, शेरडांना मात्र रोज रानात न्यावं लागतं. म्हणून उसाला जाताना लोक आपली शेरडं सुग्रीवकडं राखोळीला सोडून जायचे. औंदा अकरा घरांची शेरडं त्याच्या काट्याच्या वाडग्यात होती. कुणी परत आल्यावर पैसे द्यायचं, कुणी ज्वारी, आणि सुग्रीवचं घर त्याच्यावरच चालायचं. कागद नाही, पावती नाही. कुणाचं शेरडू कोणतं हे सुग्रीवच्या डोक्यात, आणि सुग्रीव कसा माणूस आहे हे लोकांच्या डोक्यात. एवढ्यावर वीस वर्षं निघाली होती.

मोटरसायकल थांबली. चालवणारा धर्मराज होता, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा शेतकरी. दहा दिवसांमागं त्याची पाच शेरडं दावणीवरून चोरीला गेली होती. तेव्हापासून तो कामधंदा सोडून कळपामागून कळप बघत हिंडत होता. दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. मागून उतरले ते रामप्रसाद जमादार.

"सुग्रीव का बे तू?" जमादारांनी विचारलं.

"व्हय सायेब."

"ह्यांना जरा बघू दे तुझी शेरडं."

"बगा की. समदी हितंच हायेत."

धर्मराज कळपात शिरला. एकेका शेरडाचा जबडा धरून तो तोंड बघायचा, मग कान बघायचा, मग सोडून द्यायचा. सुग्रीव शांत होता. त्याच्या स्वतःच्या नऊ शेरडांच्या डाव्या कानाला खालून एक कातरा होता, ती त्याची खूण. राखोळीच्या शेरडांना तो कधी विळा लावत नसे. दुसऱ्याच्या जनावराला आपली खूण करायची नाही, गळ्यात चिंधी बांधायची, हा त्याच्या बापापासूनचा नेम होता.

काबरीजवळ येऊन धर्मराज थांबला. काळी शेळी, कानांवर पांढरे ठिपके. त्यानं तिचा डावा कान उलटा केला, मग तिच्या दोन पाठींचे, तरण्या माद्यांचे, कान बघितले, मग तिच्या मागं लुडबुडणारी दोन दुधाची करडं उचलून बघितली. पाचही कानांवर कातरा होता आणि पाचही कातऱ्यांच्या कडा अजून गुलाबी होत्या. एका करडाच्या कानाची तर खपलीही पडली नव्हती.

"जमादार," धर्मराजचा आवाज चिरकला, "ह्ये बगा. पाच. माझीबी पाचच. आन् ही खूण आत्ताची हाय."

जमादारांनी वाकून बघितलं. "काय बे, सुग्रीव? कुणाची ही?"

"माझ्या मेव्हणीची हायेत सायेब. धर्मापुरीची. दोन वरीस झालं, अर्धलीनं सांभाळतो."

"दोन वर्षं झाली तर खूण आत्ता कावून केली?"

ह्याला सुग्रीवकडं उत्तर होतं, कारण त्यानंही हाच प्रश्न बायकोला विचारला होता. "भैन म्हनली आता तुमच्याच खुणंत घ्या," असं रतनबाई म्हणाली होती. बायकांच्या शेरडांत फार नाक खुपसू नये असं त्याचं मत होतं, म्हणून त्यानं पुढं काही विचारलं नाही. आता तेच त्यानं जमादारांना सांगितलं.

"लाव फोन मेव्हणीला. मोठ्यानं बोलू दे, आमालाबी ऐकू दे."

सुग्रीवनं फोन लावला. अंजूनं लगेच उचलला. "बोला की दाजी."

"अंजू, तुपली शेरडं माझ्याकडं हायेत ना, त्येची जरा चौकशी चाललीय. जमादार हायेत हितं. सांग बरं त्येन्ला."

"शेरडं?" अंजू हसली. "आमच्यात कवा व्हती शेरडं, दाजी? आमची तर म्हस हाय. सकाळच्या पारी चेष्टा करता व्हय?"

फोनमधून अंजू "हॅलो, हॅलो" करत राहिली. सुग्रीवनं तो बंद केला आणि खिशात घालायला गेला, तर खिसाच सापडेना.

रतनबाईला वस्तीवरून बोलावून आणलं. कापूस वेचता वेचता आली होती, कमरेची ओटी भरलेलीच होती. जमादारांनी तिला दोनदा विचारलं, "बाई, शेरडं कुणाची?" तिनं काबरीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"कान कुणी कापले?"

"म्या कापले," ती म्हणाली. "चोरीची न्हाईत सायेब."

"मग कुणाची?"

रतनबाई ओटीतला कापूस आत दाबू लागली.

जमादार मोटरसायकलला टेकले. माणूस तसा तिरसट नव्हता, पण रोज नवी चोरी ऐकून कावलेला होता. "हे बघ सुग्रीव, तू चोरी केली असं मी म्हणत न्हाई. पण तुझ्याजवळ माल हाय आन् त्यो कुठनं आला ह्याचा समाधानकारक खुलासा तुला देता येत न्हाई. हाबी गुन्हाच हाय. कलम एकशे चोवीस. चल, हाक शेरडं."

ठाणं आठ किलोमीटरवर. सुग्रीवनं पाच शेरडं पुढं घातली आणि रस्त्यानं चालू लागला. मागं मोटरसायकल मुंगीच्या चालीनं. ठाण्याच्या गावी नेमका त्या दिवशी बाजार होता. वांग्याच्या पाटीमागून, चपलांच्या ढिगामागून ओळखीची तोंडं वर झाली. एकानं विचारलंही, "इकायला आनली का काय?" मग त्याला मागची खाकी दिसली आणि तो मिरच्या निवडायला लागला. सुग्रीवला वाटलं, धरती फाटावी आणि आपण शेरडांसकट आत जावं. तो खाली बघून चालत राहिला. करडं दमली तशी त्यानं दोन्ही काखेत दोन घेतली, आणि त्यामुळं तर तो अगदीच चोरासारखा दिसू लागला.

ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या मोटरसायकली आणि वाळूचा एक ट्रॅक्टर गंजत पडला होता. तिथल्या लिंबाला शेरडं बांधली. सुग्रीवला दिवस कलेपर्यंत फरशीवर बसवलं, बोटांचे ठसे घेतले, जबाब लिहून घेतला. सोडताना जमादार म्हणाले, "दोन दिवस देतो. घरी बायकोला नीट विचार. आन् उद्या पाला घिऊन ये. ह्या मुद्देमालाला खाऊ कोण घालणार?"

घरी आल्यावर सुग्रीवनं तोंडावर पाणी मारलं आणि ओट्यावर बसला. रतनबाईनं भाकरी पुढं ठेवली. त्यानं ताट सरकवलं.

"कुणाची हायेत?"

"इचारू नगा."

"म्या इचारू नगं? पंचवीस वरीस संसार केला, माझ्याशी खोटं बोललीस. चार मान्सात माझ्या तोंडाला काळं फासलंस. म्या इचारू नगं?"

"भंडारा उचललाय," रतनबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "खंडोबाचा भंडारा हातात घिऊन सबूद दिलाय, कुनापाशी बोलनार न्हाई म्हनून. तुमच्यापाशीबी न्हाई. चोरीची न्हाईत, येवढं धरा. बाकी मला मारा, तोडा, काय करायचं ते करा."

सुग्रीवनं बायकोवर कधी हात टाकला नव्हता आणि आताही टाकला नाही. पण त्या दिवशी तो तिच्या हातचं जेवला नाही, आणि रतनबाईला मार परवडला असता.

दुसऱ्या दिवशी दोघं पाल्याचे दोन भारे घेऊन ठाण्यात गेली. आवारात सगळा गोंधळ होता. शेरडांनी जमादारांची तुळस बुंध्यापर्यंत खाल्ली होती आणि एका जप्त गाडीची सीट कुरतडून आतला फोम बाहेर काढला होता. करडं बेंबटत होती. रतनबाई काबरीच्या मागं बसली, करडांना आधी पाजलं, मग उरलेलं दूध पितळीत काढलं. एक शिपाई आला आणि पितळी घेऊन आत गेला. थोड्या वेळानं आतून चहाचा वास आला. मुद्देमालाचा चहा सगळ्यांनी घेतला, ह्या दोघांना सोडून.

दोघं घरी आली तर वाडग्याच्या झापापाशी एक म्हातारा काठी टेकून उभा होता. त्याचा मुलगा आणि सून उसाला होती आणि चार शेरडं सुग्रीवकडं होती.

"पोराचा फोन आलता," म्हातारा जमिनीकडं बघत म्हणाला. "म्हनला शेरडं घरी आना. म्या म्हनलं, आरं सुग्रीव तसा न्हाई. तर म्हनला, न्हाई म्हंजे न्हाई."

"घिऊन जावा की, तात्या. तुमचीच हायेत."

"तुला राग न्हाई ना?"

"राग कशाचा?"

सुग्रीवनं चार शेरडांच्या गळ्यातल्या चिंध्या सोडल्या. म्हाताऱ्याला ती आवरेनात, म्हणून ओढ्यापर्यंत स्वतः हाकून दिली. दुसरा दिवस मावळेपर्यंत असे तीन फोन आले. निपाणीकडच्या उसाच्या फडात ही बातमी सुग्रीव घरी पोचायच्या आधी पोचली होती. रतनबाई एकेक शेरडू जाताना बघत होती आणि पदराचं टोक दातांत धरत होती.

तिसऱ्या दिवशी सुग्रीवनं ठाण्यात पोचल्या पोचल्या जमादारांपुढं हात जोडले. सबंध रात्र त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि तिची त्याला पक्की खात्री होती. धर्मराजही तिथंच आला होता.

"सायेब, ही शेरडं सोडा. धर्मराजभाऊची आसतील तर त्येंच्या वस्तीवर गेल्यावर आपुन हून आत शिरतील. शेरडू आपलं घर इसरत न्हाई. मान्सं खोटं बोलतील, शेरडू न्हाई बोलनार."

पाल्याच्या भाऱ्याची गाठ सोडताना रतनबाईचा हात थांबला. "नगं," ती म्हणाली. "दमलीत ती."

"दमली तर दमली," सुग्रीव तिच्याकडं न बघता म्हणाला.

जमादारांनी उघड्या पडलेल्या तुळशीच्या कुंडीकडं एकदा बघितलं. "चला," ते म्हणाले. "एक दिवस तरी आवार मोकळं होईल."

धर्मराजच्या वस्तीपाशी पोचले तेव्हा ऊन कलू लागलं होतं. शेरडं मोकळी सोडली आणि सगळे लांब उभे राहिले. काबरीनं कुंपणाची बोर हुंगली, दोन पानं खाल्ली. एक पाठ दावणीपर्यंत गेली, तसा धर्मराजनं श्वास धरला. ती शिंकली आणि माघारी फिरली.

घरातून धर्मराजची बायको मंगल मूठभर ज्वारी घेऊन बाहेर आली. तिनं तोंडानं चुचकारलं, नावं घेतली, "ये चांदे, ये मोरे." शेरडांनी ज्वारी खाल्ली. पण खाणं आणि ओळखणं ह्यातला फरक तिला कळत होता. तिनं काबरीच्या कपाळावर हात ठेवला आणि रडू लागली.

"माझी न्हाईत ही," ती म्हणाली.

"अगं नीट बग," धर्मराज म्हणाला.

"काय बगू? माझ्या चांदीला म्या वळखनार न्हाई? दुसऱ्याची शेरडं बांधून माझी येनार हायेत व्हय? ह्या भाऊला कावून तरास देता?"

धर्मराज बांधावर बसला आणि त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गेलेली शेरडं त्या क्षणी पुन्हा एकदा गेली. सुग्रीवला त्याची कीव आली, पण त्याच्या स्वतःच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

"बगा सायेब!" तो म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज मोठा झाला होता. "आता अशीच चालू द्या. कुनी अडवू नका. ज्येची आसतील त्येच्या दारात जातील. मलाबी कळू द्या एकदा."

जमादारांनी मान हलवली. शेरडं पांदीला लागली. काबरी पुढं, मागं पाठी आणि करडं, त्यांच्यामागं सुग्रीव आणि रतनबाई, आणि बऱ्याच अंतरावर जमादार आणि धर्मराज मोटरसायकल ढकलत. ओढा ओलांडला की वाट फुटते. डावीकडची सुग्रीवच्या माळाला जाते, उजवीकडची पाच-सात घरांच्या एका वस्तीला. ती घरं आता कुलपं लावून उसाला गेलेली होती.

ओढ्यात उतरताना रतनबाईनं नवऱ्याची बाही धरली. "तिला डावीकडं घ्या."

"सोड."

"पाया पडते. बंकटच्या दारावरनं नगं."

सुग्रीव थांबला. पाणी घोट्याला गार लागत होतं. बंकट त्या वस्तीवरचा, उसाला गेलेला. त्याची बायको जानकीबाई धर्मापुरीची, रतनबाईच्या माहेरची, तिच्याच आळीतली. गावची बहीण.

"जानकीची?" त्यानं हळू विचारलं.

रतनबाईनं नाव घेतलं नाही. भंडाऱ्याला तेवढं तरी ती जपली. ओढ्याच्या पाण्याकडं बघत ती घाईघाईनं बोलत राहिली. "तिच्या आईनं बाळंतपनात शेळी दिलती, लेकराला दूध व्हावं म्हनून. त्या येलाची हाय ही. बाकीची समदी नवऱ्यानं पत्त्यात घालवली. हिलाबी घालवनार व्हता. मंग तिनं लांडग्यानं नेली म्हनून सांगितलं आन् माझ्या दावनीला आनून बांधली. पोरगी वर्षाराणी धाव्वीला हाय, केजला वसतिगृहात. नर्स व्हयाचं म्हनती. बाप म्हनतो लगीन करू, तोडीला एक जोडी, एक कोयता वाढंल. जे हाय ते ह्या पाच शेरडावर हाय. दिवाळीत त्यो तमाकू मागायला आलता, आठवतं का? काबरीकडं लई टक लावून बघत व्हता. म्हनून म्या कान कापले."

सुग्रीवला एक एक गोष्ट आठवू लागली. दोन वर्षं झाली, ह्या वाटेनं कळप न्यायचा म्हटलं की रतनबाई म्हणायची, त्या पांदीला काटे लई हायेत. काटे तर कुठं नव्हतेच. त्याला बायकोचा भयंकर राग आला. राग खोटं बोलल्याचा नव्हता. आता सांगितलं, ह्याचा होता. तीन दिवस तो निर्दोष होता आणि त्याला काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

काबरी फाट्यावर पोचली. तिनं मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि उजवीकडं वळली. पाय झपझप पडू लागले. समोर, हाकेच्या अंतरावर, बंकटचं कुलूप लावलेलं दार, आणि दाराशेजारी रिकामा खुंट. अजून पन्नास पावलं, आणि शेरडू खुंटाजवळ जाऊन उभं राहिलं असतं. जमादारांनी बंकटला फोन लावला असता. सुग्रीवचं नाव धुऊन निघालं असतं, गेलेली शेरडं वाडग्यात परत आली असती. आणि बंकट फडातूनच म्हणाला असता, इकून टाका, पैसे लावून द्या.

त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

रतनबाईनं डोळे मिटून घेतले.

सुग्रीवनं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. दिवस मावळताना माळावरून कळप गोळा करायची ती शीळ. काबरी थांबली. एकदा दाराकडं बघितलं, एकदा मागं. मग वळली आणि पळत येऊन तिनं सुग्रीवच्या धोतरात डोकं खुपसलं. पाठी आणि करडं तिच्या मागं.

जमादार धापा टाकत आले. "शीळ कावून घातली बे?"

"सवय हाय सायेब. तोंडातनं निघून गेली."

"हितं कुणाच्या घरी चालली होती?"

"कुलपाच्या घरी कशाला जाईल? तिला वाळला पाला दिसला आसंल."

जमादारांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. मग कुलपं लागलेल्या दारांकडं, मग रतनबाईकडं. "सुग्रीव, शेवटचं विचारतो. शेरडं कुणाची?"

"मला ठावं न्हाई सायेब."

"ठावं न्हाई का सांगायचं न्हाई?"

सुग्रीव काबरीच्या कानामागं खाजवत राहिला.

"येडा हायेस," जमादार म्हणाले. त्यात राग कमी आणि कंटाळा जास्त होता. "धर्मराजची न्हाईत म्हणून चोरीची कलमं लागत न्हाईत. पण खुलासा न्हाई म्हणजे एकशे चोवीस सुटत न्हाई. सही कर."

केजच्या कोर्टात केस उभी राहिली. शेरडं सुपूर्तनाम्यावर सुग्रीवकडंच ठेवली. विकायची नाहीत, कापायची नाहीत, कोर्टानं बोलावलं तर हजर करायची. तारखेमागून तारीख पडत गेली. सुग्रीव एसटीनं जायचा, कोर्टाच्या भिंतीला टेकून बसायचा, पुकारा झाला की आत जायचा आणि पुढची तारीख घेऊन यायचा. पौष सरेपर्यंत राखोळीचं एक शेरडू वाडग्यात राहिलं नाही. रतनबाई दुसऱ्याच्या रानात शाळू काढायला जाऊ लागली. सुग्रीवही जाऊ लागला, पण आयुष्यभर शेरडांमागं चाललेल्या माणसाला वाकून काम जमत नाही, आणि मुकादम ते चार बायकांसमोर बोलून दाखवायचा.

दोघांत त्यानंतर त्या गोष्टीवर बोलणं झालं नाही. फक्त एकदा रतनबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी शीळ घातली तवा मला वाटलं, माझा मेलेला बाप पाठीशी येऊन हुबा ऱ्हायला." सुग्रीव म्हणाला, "भाकर करपतीय." पण त्या दिवशी तो एक भाकरी जास्त जेवला.

चैत्राचा पाडवा झाला आणि उसाच्या ट्रका परत येऊ लागल्या. एका दुपारी सुग्रीव ओढ्यावर शेरडांना पाणी पाजत होता. ओढा आटून डबकं उरलं होतं, भोवती नुसते धोंडे तापलेले. पांदीनं दोन माणसं आली. बंकट पुढं, त्याच्या हातात मोबाइल. मागं जानकीबाई, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, खांद्याला कोयता. उन्हानं काळी पडली होती, गालाची हाडं वर आली होती.

काबरीनं पाण्यातून तोंड काढलं. सुग्रीवला वेळच मिळाला नाही. ती धावत गेली आणि जानकीबाईच्या हाताला नाक लावून उभी राहिली. मग तिचा पदर चघळायला लागली.

बंकट थांबला. "कुणाचं गं हे शेरडू?" त्यानं कानाचा कातरा बघितला, मग डबक्यापाशी उभा असलेला सुग्रीव बघितला. "आस्सं. ह्येच का त्यो? चोरीची शेरडं राखनारा? बाराच्या बारा गाड्यांत झालं तुझं नाव, सुग्रीव. तवाच म्हनलं, दिसतो गरीब, पन आतनं लई हाय ह्यो. आन् ऐक गं, तू त्या रतनबाईकडं जातीस न्हवं? आता चोराच्या वस्तीवर पाय ठेवला तर बग."

जानकीबाईनं गाठोडं एका हातानं धरलं. दुसऱ्या हातानं काबरीचं तोंड बाजूला सारलं. काबरीला ते लाड वाटले आणि ती आणखी जवळ आली.

"हाड!" जानकीबाई म्हणाली. "हाड, मेले! कुणाची कुणाची शेरडं आंगावर येतात!"

शेळी हलेना. बंकट बघत होता. जानकीबाई खाली वाकली, जमिनीवर हात फिरवला, काहीतरी उचललं आणि मारलं. ते काबरीच्या बरगडीवर बसलं. शेळी दचकून चार पावलं मागं झाली आणि तिथंच उभी राहून बेंबटू लागली. जानकीबाईनं सुग्रीवकडं बघितलं. तिच्या तोंडावर घाम होता की आणखी काही, हे लांबून कळत नव्हतं.

सुग्रीवनं शीळ घातली. काबरी आली.

दिवस मावळल्यावर रतनबाई धार काढायला बसली. काबरीच्या बरगडीवर मातीचा डाग तिला दिसला.

"हे काय लागलं?"

"जानकी भेटली वाटंत. नवरा संगं व्हता. काबरी गेली पळत तिच्याकडं."

रतनबाईचे हात थांबले. "मंग?"

"मंग काय. हाकलली. मारलं तिनं."

रतनबाईनं पितळी बाजूला ठेवली. मग तिनं विचारलं, "जोरात लागलं का वो?"

सुग्रीवनं काबरीच्या बरगडीवरून हात फिरवला. माती भुरभुर खाली पडली.

"न्हाई," तो म्हणाला. "तिथं नुसते धोंडे व्हते बग, मुठीएवढाले. तिनं हुडकून हुडकून ढेकूळ उचललं."